पॅरोडियस : आधी सांगा, कुठली आवृत्ती?

'ग्रेडियस' हा कोनामीचा १९८५चा अंतराळयुद्धाचा गेम. त्याची कोनामीनेच उडवलेली खिल्ली म्हणजे 'पॅरोडियस'. पहिला भाग १९८८ मध्ये एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरवर आला, दुसरा १९९० मध्ये आर्केडवर. त्यात यानासोबत चक्क ऑक्टोपस आणि पेंग्विनही लढतात!

आता गंमत बघा. याच आर्केड गेमच्या १९९२च्या सुपर फॅमिकॉम आवृत्तीत सार्वजनिक स्नानगृहाची एक जादा लेव्हल आहे. मूळ आर्केडमध्ये ती नाहीच. फक्त घरची आवृत्ती खेळून तुम्ही 'आर्केडमध्ये स्नानगृह होतं' असं लिहिलंत, की निष्कर्ष चुकलाच.

लॅबमध्येही असंच होतं. म्हणून नेमका कुठला नमुना तपासला, ते आधी नोंदवा. नाहीतर व्हायवात पहिल्याच प्रश्नाला अडकाल.