विकत घेतलें तें आपलें काय?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत; त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ म्हणून एक पद आहे. वस्तु विकल्यावर किंवा विकत घेतल्यावर पश्चात्ताप झाला, तर ती दहा दिवसांच्या आंत परत घ्यावी किंवा द्यावी. त्यानंतर मात्र जो तसें करील त्याला राजानें सहाशें पण दंड करावा, असा तेथील नियम. मनूच्या पुष्कळ गोष्टी आपण टाकून दिल्या, आणि त्या टाकण्याजोग्याच होत्या. परंतु सौदा पुरा झाल्यावर दुकानदाराचा हात मालावरून सुटला पाहिजे, हें तत्त्व अजून कोणीं खोटें ठरविलेलें नाहीं.

तें आजकाल कसें मोडलें जातें, हें पाहावयाचें असल्यास सन २००९ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंत घडलेली हकीकत ध्यानांत घ्यावी. किंडल हें अ‍ॅमेझॉन कंपनीचें पुस्तकें वाचावयाचें यंत्र. लहान पाटीएवढें, पण शेंकडों ग्रंथ पोटांत सांठविणारें. त्यावर कित्येकांनीं जॉर्ज ऑर्वेलचीं ‘नाइन्टीन एटी-फोर’ व ‘अ‍ॅनिमल फार्म’ हीं पुस्तकें पैसे मोजून घेतलीं होतीं. एके दिवशीं पाहतात तों दोन्ही नाहींशीं! कंपनीनें तीं दुरूनच पुसून टाकलीं होतीं आणि किंमत परत केली होती. (पहिल्या कादंबरीचा नायक सरकारी कचेरींत बसून जुन्या वर्तमानपत्रांतील नकोसा मजकूर बदलीत असतो, हें ज्यांनीं ती वाचली आहे त्यांस सांगावयास नको.)

कंपनीची बाजू अगदींच लंगडी नव्हती. ज्यानें हीं पुस्तकें तिच्या दुकानांत मांडलीं, त्याला तीं अमेरिकेंत विकण्याचा हक्कच नव्हता. आपल्या शास्त्रकारांनीं यालाच ‘अस्वामिविक्रय’ म्हटलें आहे : वस्तु मूळ धन्याकडे जावी व घेणाऱ्यास त्याचे पैसे मिळावे. पण तो निवाडा सभेंत, उभय पक्षांचें ऐकून व्हावयाचा. दुकानदारानें न सांगतां गिऱ्हाइकाच्या घरांत शिरावें, कपाटांतील ग्रंथ काढून न्यावा आणि मेजावर पैसे ठेवून चालतें व्हावें, ही रीत कोठली? शिवाय मिशिगनमधील एका विद्यार्थ्यानें त्या पुस्तकावर केलेलीं टिपणें पुस्तकच गेल्यामुळें निरुपयोगी झालीं. तीं तर त्याच्याच मेहनतीचीं होतीं! तो न्यायालयांत गेला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनीं जाहीर क्षमाहि मागितली.

क्षमा मागितली, परंतु किल्ली कंपनीकडेच राहिली. खरी मेख येथें आहे. आपण ‘विकत घ्या’ हें बटण दाबतों, पण करारांत लिहिलेलें असतें कीं, पुस्तक विकलेलें नसून वाचण्याचा परवाना दिलेला आहे, आणि तो दुसऱ्यास देतां येणार नाहीं. मायक्रोसॉफ्टनें सन २०१९ मध्यें आपलें ई-पुस्तकांचें दुकान मोडलें, तेव्हां गिऱ्हाइकांचीं पुस्तकेंहि त्याबरोबर गेलीं. पैसे तेवढे परत मिळाले. घेतलेलें पुस्तक संगणकावर उतरवून तारेनें किंडलवर नेण्याची सोय अ‍ॅमेझॉननें सन २०२५ च्या फेब्रुवारींत बंद केली. त्याच वर्षाच्या आरंभीं कॅलिफोर्नियांत असा कायदा अमलांत आला कीं, माल केवळ परवान्यावर दिलेला असेल तर गिऱ्हाइकास तसें स्पष्ट सांगावें. सांगणें बंधनकारक झालें. स्वामित्व कांहीं मिळालें नाहीं.

आपल्या घरांत पणज्याची ज्ञानेश्वरी पणतूच्या हातीं येते, आणि तिच्या समासांत तीन पिढ्यांचीं टिपणें असतात. परवान्याला असा वारसा नाहीं. फोटोंचीहि तीच कथा. गूगलच्या खात्याकडे दोन वर्षें कोणी फिरकलें नाहीं, तर तें आंतील सर्व ऐवजासह काढून टाकण्याची मुभा त्या कंपनीनें सन २०२३ पासून घेतली आहे. वडील वारले व पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, म्हणजे मुंजीलग्नांचे फोटो कोणाकडे मागावयाचे? आपल्यामागें तो ऐवज कोणास मिळावा, हें आधींच नोंदवून ठेवण्याची व्यवस्था तेथें आहे. कर्त्या मंडळींनीं ती आजच पाहून घ्यावी.

यंत्रें फेकून द्यावीं असें माझें म्हणणें नाहीं. डोळे अधू झालेल्या माणसास अक्षर हवें तेवढें मोठें करून वाचतां येणें, हा लहान उपकार नव्हे. एकदां वाचून संपवावयाची कादंबरी परवान्यावर घेतली तरी चालेल. जो ग्रंथ घरांत राहावा असें वाटतें, तो मात्र छापील घ्यावा, किंवा कुलूप नसलेली ई-पब फाईल मिळत असेल तर ती घ्यावी. मायकेल हार्ट यांनीं सन १९७१ मध्यें सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गमध्यें प्रताधिकार संपलेले हजारों इंग्रजी ग्रंथ फुकट व राजरोस उतरवून घेतां येतात. मराठीसाठीं विकिस्रोत आहे. फोटो व फायली यांची एक प्रत आपल्या संगणकावर आणि दुसरी हार्ड डिस्कवर, शक्य तर भावाच्या किंवा बहिणीच्या घरीं असावी. डिस्कहि बिघडते, म्हणून ती वर्षांतून एकदां उघडून पाहावी. पोथ्यांस ऊन दाखविण्याचा दिवस ज्या घरांत ठरलेला आहे, तेथें हें काम त्याच दिवशीं उरकतां येईल.