शेताखालून जाणारी गॅस पाइपलाइन फुटते कशी?

27 जून 2014. आंध्र प्रदेशातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातलं नगरम गाव. पहाटे गावाला लागून जाणाऱ्या 'गेल'च्या पाइपलाइनमधून गॅस गळला आणि पेटला. 20 हून जास्त माणसं गेली. घरं, नारळाची झाडं जळून खाक झाली.

वरून कुणाचा जेसीबी लागला नव्हता. पाइप आतून गंजला होता.

आता तुम्ही म्हणाल, गॅसने पोलाद कसं गंजेल? कोरड्या गॅसने गंजत नाही. पण विहिरीतून निघणाऱ्या गॅससोबत पाणी येतं, कार्बन डायऑक्साइडही येतो. दोन्ही मिळून सौम्य आम्ल तयार होतं. ते पाइपच्या तळाशी साचतं आणि हळूहळू पोलाद खातं. म्हणूनच गॅस आधी वाळवून मग लाइनमध्ये सोडायचा असतो. नगरमची लाइन कोरड्या गॅससाठी होती आणि तिच्यातून ओला गॅस जात होता, हे चौकशीत समोर आलं.

हे आधी कळू शकतं का? हो. पाइपच्या आतून 'पिग' नावाचं यंत्र गॅसच्याच दाबाने पुढे ढकलतात. साधा पिग साचलेली घाण साफ करतो, तर सेन्सरवाला पिग पाइप कुठे किती झिजलाय ते टिपतो. अर्थात, तो वेळेवर पाठवला आणि त्याने दिलेली माहिती कुणी मनावर घेतली तरच उपयोग!

बाहेरून मातीतल्या ओलाव्याचा धोका असतो. त्यासाठी पाइपवर कोटिंग असतं, शिवाय त्याला सतत हलका विद्युतप्रवाह देतात, म्हणजे पोलाद गंजत नाही.

आपल्याकडेही दाभोळहून थेट बंगळुरूपर्यंत अशी लाइन गेली आहे. 1962 च्या कायद्यानुसार जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. नुकसानभरपाई जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के, पिकाचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यात पीक घेता येतं, पण घर बांधणं, विहीर खोदणं किंवा झाड लावणं चालत नाही. दहा टक्क्यांत आयुष्यभराचं बंधन, त्यामुळे शेतकरी चिडतात ते उगाच नाही.

आणखी एक गोष्ट. घरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेला असतो. लांब पल्ल्याच्या लाइनमधल्या गॅसला बऱ्याचदा वास नसतो. त्यामुळे तिथे जमिनीतून फुसफुस आवाज आला, पाण्यात बुडबुडे दिसले किंवा एकाच पट्ट्यातलं गवत वाळलं, तर आधी लांब जा. काडी पेटवू नका, गाडी सुरू करू नका. मग लाइनवरच्या फलकावर लिहिलेल्या आपत्कालीन नंबरवर फोन करा.