मेंदूची तटबंदी आणि लिंफोमा

१८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा बाकीचे अवयव रंगून निघाले, परंतु मेंदू कोराच राहिला. आणि १९१३ साली एडविन गोल्डमान यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला असता मेंदू तेवढा रंगला व उर्वरित शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक तटबंदी उभारली आहे, हे अशा प्रयोगांतून ध्यानात आले. रक्तातील विषांना मज्जाव करणारी ही तटबंदी दुर्दैवाने बहुतेक औषधांनाही मज्जाव करते.

लिंफोमा हा लसिकापेशींचा, म्हणजे रोगजंतूंशी झुंजण्यासाठी देहभर फिरणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग असल्यामुळे संचार हा त्याचा स्वभावच असतो. त्याच्या ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ या प्रकारात शेकडा सुमारे पाच रुग्णांत, आणि बर्किट लिंफोमात त्याहून अधिक रुग्णांत, तो मज्जासंस्थेत शिरतो. आणि शिरेतून दिलेल्या औषधांनी मानेतील वा पोटातील गाठी विरघळून गेल्या, तरी तटाआड शिरलेल्या पेशी सुरक्षित राहू शकतात.

मेंदूच्या आवरणात रोग पसरला, तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, किंवा हनुवटी व खालचा ओठ बधिर होतो. प्रत्यक्ष मेंदूत गाठ झाली, तर विस्मृती, स्वभावातील पालट, झटके अथवा अर्धांगवायू संभवतो. आणि मज्जारज्जूवर दाब आला, तर पाठदुखीमागोमाग पायांतील बळ जाते व लघवी तुंबते. या अखेरच्या प्रसंगी काही तासांचा विलंबही कायमचे पंगुत्व आणू शकतो.

निदानासाठी एमआरआय करतात आणि क्विंके या जर्मन डॉक्टरांनी १८९१ साली रूढ केलेल्या पद्धतीने पाठीतले पाणी, म्हणजे मेरुद्रव, काढून तपासतात. पहिली तपासणी निर्दोष आली, तरी संशय असल्यास ती पुन्हा करावी लागते. उपचारात मेथोट्रेक्सेट इतक्या मोठ्या मात्रेत देतात, की त्याचा पुरेसा अंश तट ओलांडून जावा, आणि मागाहून फोलिनिक आम्ल देऊन निरोगी पेशींचा बचाव करतात; काही रुग्णांना औषध थेट मेरुद्रवात देतात, तर काहींना पुढे मूलपेशींचे रोपण करतात.

म्हणून लिंफोमाचे उपचार घेतलेल्या प्रत्येकाला आग्रहाची विनंती अशी, की हनुवटीची बधिरता किंवा पायांतील अशक्तपणा क्षुल्लक मानू नये, आणि पूर्वीच्या आजाराची कागदपत्रे घेऊन विनाविलंब आपल्या डॉक्टरांकडे जावे.