गोधडीचा नमुना शोधावा कोठें?

घरांतील वडीलधारी स्त्री निवर्तली, कीं कांहीं दिवसांनीं तिच्या ट्रंकेचा प्रश्न उभा राहतो. वरच्या घडींतील जरीचीं लुगडीं लेकीसुना वांटून घेतात. खालचीं सुती, नेसून नेसून मऊ झालेलीं जुनेरें मात्र सर्वांनाच नकोशीं होतात. आणि अखेर एखाद्या दुपारीं तीं बोहारणीच्या टोपलींत जाऊन त्यांच्या बदलीं स्टीलचें एक पातेलें घरांत येतें. हा सौदा किती महागाचा, हें पातेल्याला पोचा पडल्यावर ध्यानांत येतें. परंतु तोंवर लुगडें फार दूर गेलेलें असतें.

आमच्या आईचीं दोन नऊवारी लुगडीं या वाटेनें जातां जातां वांचलीं, आणि त्यांची गोधडी करावी असें ठरलें. शिकल्यासवरल्या माणसांच्या रीतीप्रमाणें आम्ही प्रथम पुस्तक उघडलें. त्यांत अमेरिकेंतील ओंडक्यांच्या घरावरून ‘लॉग केबिन’ असें नांव पडलेला एक सुरेख नमुना होता. मध्यें तांबडा चौकोन, म्हणजे त्या घरांतील विस्तव, आणि भोंवतीं उजेडाच्या व सावलीच्या पट्ट्या. तो चौकटीच्या कागदावर उतरवून आम्ही शिरूर तालुक्यांतील एका वृद्ध शिवणाऱ्या मावशींपुढें ठेविला. त्यांनीं कागद उलटासुलटा करून पाहिला, आणि विचारलें, “ताई, हे कुणाचं रान म्हणायचं? आपल्या रानाला काय झालंय?”

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आम्हांला देतां आलें नाहीं. तें शोधण्याचा प्रयत्न म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

मावशींनीं आपल्या बोलण्याचा अर्थ जमिनीवर तुकडे मांडूनच दाखविला. शिरूरकडे कांद्याचें पीक मोठें. रोपें लावण्यासाठीं शेताचे लांबट वाफे पाडतात. दोन वाफ्यांच्या मध्यें मातीचा वरंबा आणि कडेनें पाण्याचा पाट. वाफे सारखे असावे असें म्हणतात खरें, परंतु जमिनीचा उतार व बांधाचें वळण यांमुळें एक वाफा हुबेहूब दुसऱ्यासारखा क्वचितच होतो. मावशींनीं आईच्या मातकट लुगड्याचे पट्टे आडवे-उभे मांडले, त्यांच्या मध्यें पोपटी खणाचे तुकडे कमीजास्त लांबीचे बसविले, आणि एका कोपऱ्यांत, काढलेल्या कांद्याच्या राशीप्रमाणें, गुलाबी रंगाचा एकच तुकडा ठेविला. पुस्तकांतील नमुन्याइतकी ती मांडणी रेखीव नव्हती. परंतु ती पाहतांच, हें कांद्याचें शेत, असें घरांतील लहान मूलही सांगूं लागलें.

येथें कोणी म्हणेल, कीं वाकळ ती वाकळ. तिला कलेचें एवढें स्तोम कशाला? आपल्या समाजांत हा समज जुना आहे. दुलई दिवाणखान्याची आणि गोधडी माजघराची, अशी पायरी आपणच लावून ठेविली. वास्तविक नवजात बालकास कोरें कापड न घालतां जुनेराचें मऊ दुपटें आपल्याच घरांतून शिवलें जात असे. आणि दौंडच्या पलीकडे कर्जतास ज्यांचें देवस्थान आहे, त्या गोदड महाराजांचें नांवच या पांघरुणाची आठवण देतें. जगानेंही ही पायरी आतां मोडली आहे. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत जीज बेंड या खेड्यांतल्या कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रियांनीं कामाचे फाटके कपडे जोडून थंडीसाठीं गोधड्या शिवल्या. २००२ सालीं त्यांचें प्रदर्शन ह्यूस्टन येथें व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत भरलें, आणि २००६ सालीं अमेरिकी सरकारनें त्यांवर टपाल तिकिटें काढलीं. आपल्या शेजारच्या कर्नाटकांत, उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तिच्या कोपऱ्यांना तिकोनी ‘फुलें’ लावल्याखेरीज ती पुरी झाली असें त्या मानीत नाहींत. महाराष्ट्राच्या गोधड्यांवरही मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनीं स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला आहे. ज्यांच्या गोधड्यांना हा मान मिळाला, त्यांनीं आपल्या हाताशीं असलेलें कापड आणि आपल्या डोळ्यांपुढील जग यांवरच भिस्त ठेविली होती.

आपल्या डोळ्यांपुढें काय आहे, हें पाहूं लागलें म्हणजे शिरूर व दौंड या शेजारच्या दोन तालुक्यांतच नमुन्यांची वाण पडत नाहीं. टाकळी हाजी आणि पलीकडचें पारनेर तालुक्यांतील निघोज यांच्या मध्यें कुकडी नदीच्या पात्रांत रांजणखळगे आहेत. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेले दगडगोटे एकाच जागीं गरगर फिरून काळ्या कातळांत रांजणासारखे खोल खळगे पाडतात. ही गोधडी करण्यास तुकडे फार लागत नाहींत. जुनी चंद्रकळा पसरावी, तिच्यावर राखी व निळसर रंगाचे पांच-सात लहानमोठे गोल कडा दुमडून शिवावे, आणि प्रत्येक गोलाभोंवतीं धांवदोऱ्याचीं वर्तुळें घालीत जावें. पाण्याचें फिरणें नुसत्या टांक्यांतून दिसूं लागतें.

भीमेच्या कांठचें दौंड हें रेल्वेचें जंक्शन. येथून मनमाडकडे जाणारा फांटा १८७८ सालीं सुरू झाला. पुण्याहून निघालेली गाडी उरुळी, यवत, केडगांव, पाटस अशीं स्थानकें मागें टाकीत दौंडजवळ येते, तसे एका रुळाचे दोन व दोहोंचे चार होत जातात. लुगड्याचे कांठ या नमुन्यासाठीं जणूं तयारच असतात. करड्या जमिनीवर ते लांब व किंचित् तिरपे जोडावे, आणि सिग्नलचे म्हणून एक तांबडा व एक हिरवा ठिपका द्यावा. याच मुलखांत गुऱ्हाळें आहेत. काहिलींतील रस आटतां आटतां हिरवटाचा हळदी, हळदीचा मधासारखा आणि मधाचा तांबूस होतो; रंगाला रंग कसा लावावा, याचा याहून चांगला धडा कोणत्या शाळेंत मिळणार?

मात्र पाहिलेलें सर्व कापडावर आणण्याचा हव्यास धरूं नये. डोळे किंचित् किलकिले करून पाहिलें, कीं बारीकसारीक तपशील नाहींसा होतो व तीन-चार रंगांचे ठळक भाग तेवढे उरतात. तोच आपला नमुना. मोबाईलवर छायाचित्र अवश्य घ्यावें, परंतु त्यावरून चौकटीच्या कागदावर आकृति स्वतःच्या हातानें काढावी. सुमारें निम्मी गोधडी शांत रंगाची असावी, दुसरा रंग त्याहून कमी, आणि भडक रंग भाजींतील मिठाएवढाच.

आतां मापाविषयीं. एका माणसास पांच फूट रुंद व साडेसहा फूट लांब गोधडी पुरते. नऊवारी लुगडें २७ फूट लांब. त्याचे साडेसहा फुटांचे चार तुकडे होतात, आणि दोन तुकडे शेजारीं जोडले म्हणजे एक थर. अर्थात् दोन लुगड्यांत चार थर निघून वर जोडकामासाठीं कापडही उरतें. विरलेला भाग आंतल्या थरांत घालावा. सर्व कापड आधीं धुवून घ्यावें. रंग जातो अशी शंका असल्यास ओल्या पांढऱ्या फडक्यानें घासून पाहावें. सुती कापडांत कृत्रिम धाग्याचें पातळ मिसळूं नये. दोन्हीं सारखीं आटत नाहींत, व पहिल्या धुण्यांतच सुरकुत्या पडतात. शिवणीसाठीं चारी बाजूंस पाव इंच कापड जास्त ठेवावें.

थर एकावर एक पसरल्यावर मध्यापासून कडेकडे मोठे कच्चे टांके घालीत जावें, म्हणजे चुणी बाहेर निघून जाते. मग धांवदोरा. जुनी रीत कडेनें चौफेर फिरत आंत येण्याची. ती उत्तम आहेच. परंतु नमुना वाफ्यांचा असेल, तर टांकेही सरीप्रमाणें सरळ जावेत. दोऱ्याची गांठ थरांच्या पोटांत लपवावी. शेवटीं दोन इंच रुंदीच्या पट्टीचा गोट लावावा. गोधडी प्रथम कडेला झिजते, म्हणून गोटाला कापड नेहमीं मजबूत घ्यावें. धुतल्यावर ती सावलींत वाळवावी.

एक हिशेब मात्र प्रत्येक घरानें करावा, अशी आमची विनंति आहे. वरील मापाच्या गोधडीवर एक-एक इंचाच्या अंतरानें ओळी घातल्या, तर ४,६८० इंच, म्हणजे १३० यार्ड शिवण होते. इंचाला चार टांके धरले, तरी १८,७२० टांके झाले. जोडकाम व गोट निराळेच. पूर्वीं दारावर येणाऱ्या गोधडी शिवणाऱ्या बाईशीं आपल्या घरांतून नगावर घासाघीस होत असे, आणि ती काय मांडते आहे इकडे कोणी पाहतही नसे. आम्हीही पाहत नव्हतों, हें कबूल केलें पाहिजे. ज्यांना स्वतः शिवणें शक्य आहे, त्यांनीं जरूर शिवावें. ज्यांना दुसऱ्याकडून शिवून घ्यावयाची असेल, त्यांनीं मजुरी नगावर न ठरवितां दिवसांवर ठरवावी; आणि मांडणी तिची असेल, तर पाहुण्यांपुढें ती तिची म्हणूनच सांगावी.

आईच्या लुगड्यांची गोधडी पुरी झाली, तेव्हां मावशींनीं ती अंगणांत पसरून कडेनें एक फेरी मारली आणि एका वाफ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्याला पाणी कमी पडलंय.” त्या जागीं जुना पोपटी रंग विटून पिवळसर झाला होता. तो तुकडा बदलावा कीं काय, असें आम्ही विचारलें. “राहू द्या. रानात बी असंच असतं,” असें त्यांचें उत्तर आलें. तो तुकडा आम्ही तसाच ठेविला आहे. वाचकांनीं ट्रंक उघडण्यापूर्वीं आठ दिवस आपल्या खिडकींतून बाहेर पाहावें, आणि बोहारणीला त्या आठवड्यापुरतें परत पाठवावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.