तळाला चिकटलेल्या पिशव्या : उलथनं नको, गरम पाणी घ्या



वरून झाकण असलेला, पेटीसारखा डीप फ्रीज आता सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतूनही नवलाईचा राहिलेला नाही. दुकानात तो आइस्क्रीमसाठी असतो, तर घरात हिवाळ्यातला मटार, खवा, आमरस आणि जत्रेचं उरलेलं मटण ठेवायला कामाला येतो. पण वीज जाते आणि परत येते. मधल्या वेळात वितळलेलं पाणी तळाला उतरतं, पुन्हा गोठतं आणि खालच्या पिशव्या सिमेंटात बसवल्यासारख्या घट्ट होतात. मग घरातलं कोणी तरी उलथनं नाही तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोकरायला बसतं.

हे काम मुळीच करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. अशा बहुतेक फ्रीजमध्ये थंडाव्याच्या गॅसच्या नळ्या आतल्या पत्र्याच्या मागे, फोममध्ये दडवलेल्या असतात. बाहेरून त्या दिसत नाहीत. एक टोचा बसला की गॅस निघून जातो. नळी सांधायची तर फोम फोडावा लागतो आणि पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा नवा फ्रीज घेतलेला परवडतो. शिवाय हल्लीच्या अनेक फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा गॅस असतो. तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, म्हणजे पेट घेणारा. म्हणून बर्फ वितळवायला स्टोव्ह, मेणबत्ती, दिवा यातलं काहीही आत नेऊ नये. टोचा बसून फुस्स आवाज आलाच, तर दारे-खिडक्या उघडाव्यात, जवळपास काडी ओढू नये आणि मेकॅनिकला बोलवावं.

मग करायचं काय? उष्णतेचा हिशेब आपल्याला नवा नाही. कारखान्यात रस आटवतो तो त्याच हिशेबावर. एक किलो बर्फाचं पाणी व्हायला सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता लागते. 80 अंशांचं एक लिटर पाणी शून्य अंशापर्यंत निवताना तेवढीच उष्णता देतं. म्हणजे एका किलोला एक लिटर. काही उष्णता हवेत आणि गार पत्र्यात जाते, म्हणून दुप्पट धरावं. पाच किलो बर्फ असेल तर दहा लिटर पाणी. चुलीवरच्या एका हंड्याचं काम!

आधी कोरड्या हाताने फ्रीजचा प्लग काढावा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सुटा माल बाहेर काढून एकत्र रचावा आणि गोधडीत गुंडाळावा. गोधडी जशी ऊब धरते तशी थंडीही धरते. मग तळाशी जाड फडकं किंवा छोटा पाट ठेवून त्यावर गरम पाण्याचं पातेलं ठेवावं. पाणी उकळतं नको, नाही तर आतलं प्लॅस्टिक वाकतं. झाकण लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावं, पाणी बदलावं. चिकटलेल्या पिशवीच्या कडेला गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरावं. पिशवी हलू लागली की हातानेच उचलावी; नाहीच हलली तर आणखी एक पातेलं. तळाला बूच असेल तर ते काढून खाली परात लावावी. मीठ टाकू नये, ते पत्रा खातं. केस वाळवायचं यंत्र तर ओल्यात वापरूच नये. पातेलं जड असतं, तेव्हा घरच्या पुरुषांनीही हात लावावा!

आता निघालेल्या अन्नाचं काय? आत अजून बर्फाचे कण असतील, किंवा साध्या फ्रीजमधल्याइतका, म्हणजे 5 अंशांच्या आतला, गारवा असेल, तर पुन्हा गोठवायला हरकत नाही. चव थोडी उतरेल इतकंच. पण मटण, मासे, खवा तासन् तास वितळून कोमट झाले असतील तर टाकून द्यावेत. विरघळलेलं आइस्क्रीमही. वास आला नाही म्हणजे अन्न चांगलं, असं नसतं. जीव टाकाऊ मटणापेक्षा महाग आहे.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आपण विसरलेलो नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती आणि पूरभागात कित्येक घरे दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी एक हिशेब ध्यानात असावा. गच्च भरलेला फ्रीज झाकण न उघडता सुमारे 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. ‘बघू तरी काय झालंय’ म्हणून दर तासाला झाकण उघडलं की हा हिशेब मोडतो. आणि फ्रीजमध्येच पुराचं पाणी शिरलं असेल, तर आतलं सगळं टाकावं आणि वायरमनने तपासल्याशिवाय प्लग लावू नये.

आपण घरी नसताना वीज गेली होती का, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा आणि वाटी फ्रीजमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाशी गेलं असेल, तर माल वितळून पुन्हा गोठला असं समजावं.

पिशव्या मुळात चिकटूच नयेत यासाठी तळाशी लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा प्लॅस्टिकचा क्रेट ठेवावा, पिशव्या कोरड्या पुसून ठेवाव्यात. झाकणाच्या रबरात कागद धरून ओढून पाहावा. सहज निघाला तर तिथून दमट हवा आत जाते आणि बर्फ साठतो. कारखान्यात रस आटवण्याच्या नळ्यांना क्षारांचा थर बसला की वाफ वाया जाते. फ्रीजमध्ये बर्फाचा थर वाढला की वीज वाया जाते. थर करंगळीच्या निम्म्या जाडीचा झाला की फ्रीज रिकामा करून धुवावा.

गळीत संपलं की कारखाना यंत्रे खोलून साफ करतो. घरच्या फ्रीजलाही वर्षातून असे एक-दोन दिवस द्यावेत.