साडी, लेहंगा पद्धतीची

साडी न कापता व न शिवता, तिच्या निऱ्या कमरेभोवती सर्व बाजूंनी खोचून घागऱ्यासारखा घेर साधण्याची नेसणीची एक रीत. विवाह, नवरात्र, दिवाळी अशा प्रसंगी ती विशेषेकरून योजली जाते. नेहमीच्या गोल नेसणीत निऱ्या फक्त समोर असतात व मागील भाग सपाट राहतो. या रीतीत त्या कमरेच्या पूर्ण परिघावर विभागल्या जातात. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत रूढ झालेली तयार ‘लेहंगा साडी’ याहून भिन्न होय. तिचा घेर शिवलेला असतो.

नेसणीस सहावारी (सु. ५.५ मी.) साडी लागते. प्रथम घेरदार परकर घट्ट बांधून साडीचे आतील टोक उजव्या कुशीस खोचतात. तेथून समोर, डावीकडे व पाठीमागे अशा क्रमाने सु. चार बोटे रुंदीच्या निऱ्या घालीत व खोचीत पुन्हा उजव्या कुशीपर्यंत येतात. उरलेला सु. २ मी. पदर पाठीवरून उजव्या खांद्यावर घेऊन गुजराती पद्धतीने पुढे सोडतात व त्याचे एक टोक डाव्या कमरेस अडकवितात. काही स्त्रिया पदर न काढता सगळी साडी घेरातच घालतात आणि वर स्वतंत्र ओढणी घेतात. पादत्राणे आधीच घातलेली असावी लागतात. कारण निऱ्या एकदा खोचल्यावर घेराची उंची बदलणे म्हणजे आरंभापासून पुन्हा नेसणे होय.

या रीतीची खरी अडचण भूमितीची आहे. घागरा वर अरुंद व खाली रुंद अशा कळ्या जोडून शिवतात. त्यामुळे घेर खाली वाढतो आणि कमर सडपातळ राहते. साडी हा आयत आहे. तिच्या खालच्या काठास जेवढी लांबी, तेवढीच वरच्या काठास. सु. ८० सेंमी. कमरेवर ३.५ मी. कापड बसवायचे, म्हणजे चौपटीहून अधिक कापड त्याच जागेत दडपावे लागते. म्हणून शिफॉन, जॉर्जेट, क्रेप यांसारखी पातळ व लवचिक वस्त्रे येथे सोयीची ठरतात. पैठणीसारख्या जरीकाठी साडीचा घेर भारदस्त दिसतो. खालचा काठ अखंड गोल फिरतो हे तिचे मोठे आकर्षण. परंतु वरचा काठ कमरेत लपतो आणि तेथे जाड वळकटी जमते. अशा साडीचे सौंदर्य पदरात असल्याने तिच्यासाठी साधी नेसणच अधिक शोभते, असे म्हणावयास हरकत नाही.

महाराष्ट्रात ही रीत परंपरागत नाही. येथील नऊवारी लुगडे (सु. ८.२ मी.) सकच्छ, म्हणजे कासोटा घालून नेसत. घेरदार परकर-पोलके हा मुलींचा वेश होता. गुजरात-राजस्थानात मात्र घागरा विवाहित स्त्रीचाही पोशाख आहे. नेसणीवरून स्त्रीची जात, व्यवसाय व प्रदेश ओळखू येत, आणि ही ओळख नेहमीच निरुपद्रवी नसे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दलित स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगड्याची पद्धत टाकून उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने. आज सर्वत्र रूढ असलेली गोल साडीही एके काळी नवीच होती. तिच्या प्रसारात ज्ञानदानंदिनी देवी यांचा वाटा मानला जातो. पती सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात सनदी सेवेत असताना त्यांनी पारशी स्त्रियांच्या नेसणीवरून आपली पद्धत बेतली. लेहंगा पद्धतीवर मात्र महाराष्ट्रातील कोणत्याही एका जातीची मुद्रा नाही. तिचा स्वीकार सहज झाला, त्यामागे हेही एक कारण असावे.

ठाणे रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडील कोपरी परिसरात नेसणींचे हे वेगवेगळे प्रवाह जवळजवळ आढळतात. लगतच्या चेंदणी कोळीवाड्याची परंपरा गुडघ्यापर्यंतच्या, कासोटा घट्ट खोचलेल्या कोळी लुगड्याची. चिखलात व मासळीबाजारात वावरणाऱ्या स्त्रीला तेच सोयीचे. फाळणीनंतर (१९४७) कोपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ठाण्यात टेंभी नाक्यावर १९७८ पासून नवरात्रोत्सव होतो, तर डोंबिवलीत १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पाडव्याच्या यात्रेत दुचाकीवरील तरुणी नऊवारीत दिसतात. गरब्यास गिरकीबरोबर फुलणारा घेर हवा असतो.

या दोन्ही प्रसंगी साडीस कात्री लागण्याचा मोह असतो. शिवलेली नऊवारी विजारीप्रमाणे चढविता येते व सुटण्याची भीती राहत नाही. पण तशी शिवलेली साडी दुसऱ्या बांध्याच्या स्त्रीस बसेलच असे नाही, आणि आईची साडी मुलीने नेसण्याची चाल तेथे खुंटते. न शिवता नेसलेल्या लेहंगा पद्धतीत साडी अखंड राहते, मात्र वेळ अधिक लागतो आणि बहुधा दुसरीची मदत घ्यावी लागते. टाचण्या काठाच्या विणीत न खुपसता परकराच्या पट्टीशी जोडाव्यात. समारंभ आटोपल्यावर निऱ्या लगेच सोडून साडी काही काळ वाऱ्यावर पसरावी व मग निऱ्यांच्या मोडी टाळून वेगळी घडी घालावी. जरीचा धागा वारंवार एकाच मोडीवर दुमडला गेल्यास तुटतो.