निजामाची गोष्ट मुलांना कशी सांगावी?



आपल्या जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें धाराशिव असें झालें. कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या. परंतु घरोघरच्या ट्रंकेंत जपून ठेवलेले जुने दाखले, खरेदीखतें व गुणपत्रिका बदललेल्या नाहींत. त्यांवर उस्मानाबाद हेंच नांव आहे. एखादें आठ-नऊ वर्षांचें मूल असा कागद हातांत घेऊन विचारतें, "बाबा, हा उस्मान कोण? आणि त्याचें नांव कां काढलें?" प्रश्न लहानसा आहे, पण त्याचें उत्तर देतांना पुष्कळ घरांत मोठीं माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात.

आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या बाबतींत तो कांहीं अंशीं सुटलेला असतो. तेथें पाठ्यपुस्तक असतें, शिक्षक असतात, आणि बांकावर शेजारीं बसणारा दुसऱ्या घरांतला मुलगाहि असतो. परंतु अलीकडे कांहीं आईबाप मुलांचें शिक्षण घरींच करूं लागले आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत परीक्षेस बसण्याची सोय असल्यामुळें तें शक्यहि झालें आहे. अशा घरांत आई किंवा बाप हाच शिक्षक, तोच ग्रंथ आणि तोच परीक्षक. गणितांतली चूक ताळा पाहून कळते. इतिहासांत घरच्या शिक्षकाची चूक दाखविणारें घरांत कोणी नसतें. शेजारच्या बांकावरील मुलाचें काम तेथें आईबापांनाच करावें लागतें.

या प्रश्नापुढें सोपे असे दोन मार्ग दिसतात. पहिला मौनाचा: "तूं मोठा झालास म्हणजे कळेल." दुसरा एका शब्दांत निकाल देण्याचा: "दुष्ट होता," किंवा दुसऱ्या एखाद्या घरांत, "फार दानशूर होता." मौन पाळलें तर मुलाला तोच इतिहास गल्लींत, मोबाइलवर किंवा मिरवणुकीच्या घोषणांतून मिळतो. निकाल आधीं सांगितला तर धोका निराळाच असतो. ज्याला केवळ दुष्ट म्हणून सांगितलें, त्यानें बनारस हिंदु विश्वविद्यालयाला देणगी दिली होती हें मुलाला पुढें कोठें तरी वाचावयास मिळतें, आणि घरीं ऐकलेलें सारेंच खोटें असावें असें त्याला वाटूं लागतें. ज्याला केवळ दानशूर म्हणून सांगितलें, त्याच्या राज्यांतील रझाकारांची हकीकत कळली म्हणजे तोच धक्का उलट्या बाजूनें बसतो. दोन्ही वेळां मूल निजामावर रागावत नाहीं. तें आपल्या आईबापांवरचा विश्वास गमावतें.

तेव्हां प्रथम कृत्यें आणि मग निकाल, हा क्रम ठेवावा. मीर उस्मान अली खान हे हैदराबादचे सातवे निजाम. ते १९११ सालीं गादीवर आले. १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर शहराच्या रक्षणासाठीं व पाण्यासाठीं उस्मानसागर हा तलाव बांधण्यांत आला. तो त्यांच्या कारकीर्दींत १९२० सालीं पुरा झाला. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं त्यांनीं साहाय्य केलें. हीं कृत्यें खरीं आहेत, आणि तीं सांगण्यास संकोच करण्याचें कारण नाहीं.

यांपैकीं उस्मानिया विद्यापीठाचें उदाहरण मुलांसाठीं विशेष उपयोगी आहे. इंग्रजी बाजूस ठेवून आपल्या देशांतील एका भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि संस्थानांतील बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी किंवा कानडी बोलणारी होती. आतां मुलाला विचारावें, "आपल्या देशांतल्या भाषेंतून शिकविलें, हें चांगलें कीं वाईट? आणि कळंबच्या किंवा परंड्याच्या मुलाला त्यासाठीं आधीं उर्दू शिकावी लागे, हें कसें?" मूल जरा थांबेल. एकाच कृत्याचें फळ एकाला गोड आणि दुसऱ्याला कडू लागूं शकतें, हें त्याला त्या थांबण्यांत कळतें. इतिहासाच्या शिक्षणाचा अर्धा भाग तेथेंच साधला.

यानंतर दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणें सांगावी. राज्यकारभारांत प्रजेला जबाबदारीचा वाटा नव्हता. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत असतांनाच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षीं 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या कारणावरून उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें. १९४७ सालीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तेव्हां निजामांनीं संघराज्यांत सामील न होतां स्वतंत्र राहण्याचें ठरविलें. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्ष कासीम रझवी हे लातूरचे वकील होते, आणि लातूर त्या वेळीं आपल्याच जिल्ह्यांत होतें. त्यांच्या रझाकारांनीं खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ व खून केले. शेजारच्या बिदर जिल्ह्यांतील गोरटा गांवची कत्तल ही १९४८ सालचीच. निजामाच्या सरकारनें रझाकारांना आवरलें नाहीं. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूनें आलें. पहिल्याच दिवशीं नळदुर्ग त्याच्या हातीं आला, आणि १७ सप्टेंबरला निजामांनीं शरणागति पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण याच तारखेस पाळतों.

येथें चौकस मूल एक अडचणीचा प्रश्न विचारील. १९५० पासून १९५६ पर्यंत तेच निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते, "मग त्यांना शिक्षा कां झाली नाहीं?" उत्तर सरळ द्यावें. रझवी यांना तुरुंगवास झाला, आणि १९५७ सालीं सुटल्यावर ते पाकिस्तानांत गेले. निजामांना मात्र नव्या सरकारनें सन्मानाचें पद दिलें, कारण एवढें मोठें संस्थान अधिक रक्तपात न होतां संघराज्यांत मिळवून घ्यावयाचें होतें. हें योग्य झालें कीं नाहीं, याविषयीं मोठ्या माणसांतहि एकमत नाहीं, असें मुलाला सांगण्यांत कमीपणा नाहीं.

आतां सर्वांत कठीण भाग. सैन्य आल्यानंतर जें घडलें, तें आपल्या पुष्कळ घरांत सांगितलें जात नाहीं. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड अनेक ठिकाणीं ज्यांचा रझाकारांशीं कांहीं संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर उगविण्यांत आला. त्याची पाहणी करण्यासाठीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींचें एक मंडळ भारत सरकारतर्फे १९४८ च्या अखेरीस संस्थानांत फिरलें. सर्वाधिक झळ लागलेले म्हणून त्यांनीं जे चार जिल्हे सांगितले, त्यांत आपला जिल्हा आहे. इतर तीन गुलबर्गा, बिदर व नांदेड. साऱ्या संस्थानांत २७,००० ते ४०,००० माणसें मारलीं गेलीं असावींत, आणि त्यांपैकीं सुमारें १८,००० या चार जिल्ह्यांत, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल त्या वेळीं सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. तो सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडण्यास अनेक दशकें जावीं लागलीं.

हें सर्व आठ वर्षांच्या मुलाला सांगावें काय? मुळींच नाहीं. त्या वयांत मुलाला नळदुर्गाला न्यावें. बोरी नदीवरील बांधांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं बांधलेला पाणीमहाल दाखवावा. याच किल्ल्यापाशीं १९४८ सालीं भारतीय फौज आली, एवढें सांगावें. दहा-बारा वर्षांच्या वयांत नांवें, सालें व कारणें यावींत. सुंदरलाल मंडळाची हकीकत चौदा-पंधराव्या वर्षीं, आईबापांनीं जवळ बसून सांगावी. वय पाहून भाग राखून ठेवणें वेगळें आणि खोटें सांगणें वेगळें. लहानपणीं सांगितलेली गोष्ट पुढें वाढवितां आली पाहिजे. ती खोडावी लागूं नये.

या वयाच्या मुलांसाठीं मी एक साधी वही सुचवितों. प्रत्येक पानावर चार रकाने आंखावेत: काय घडलें, केव्हां घडलें, कोणाला त्याचें काय भोगावें किंवा मिळावें लागलें, आणि हें आपणांस कशावरून कळलें. चौथा रकाना सर्वांत मोठा ठेवावा. आजीनें सांगितलेली आठवण असेल तर "आजीनें पाहिलें" किंवा "आजीनें तिच्या आईकडून ऐकलें" असें लिहावें. पुस्तकांतलें असेल तर पुस्तकाचें नांव लिहावें. आठवण ही कमी प्रतीची नसते, पण पाहिलेलें आणि ऐकलेलें यांतला भेद मुलाला कळला पाहिजे. आणखी एक नियम असा कीं, जी वही निजामासाठीं, तीच आपल्या आवडत्या पुरुषांसाठींहि. ज्या सरकारनें आपणांस मुक्त केलें, त्यानेंच अहवाल दडवून ठेवला, हीहि ओळ त्याच वहींत आली पाहिजे.

वहींत कांहीं अशीं माणसें येतील कीं जीं कोणत्याच ठरीव साच्यांत बसत नाहींत. शोएबुल्ला खान हे 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक. रझाकारांविरुद्ध आणि भारतांत सामील होण्याच्या बाजूनें ते लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत त्यांचा खून झाला. दुसऱ्या बाजूला, सुंदरलाल मंडळाच्या अहवालांतच नोंद आहे कीं कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर बांधवांचें रक्षण केलें, आणि त्यासाठीं कित्येकांनीं स्वतःचे प्राणहि गमावले. त्या विणकरांचीं नांवें आपल्या वहींत नसतील. पण त्यांच्यासाठीं एक ओळ राखून ठेवावी. आपल्या लोहारा तालुक्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढें या लढ्याचे नेते झाले. त्यांची लढाई एका राजवटीशीं होती, हें मुलाला येथें सांगतां येतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ज्यांच्या आजोबांचें घर रझाकारांनीं जाळलें, त्यांनीं धरणाची आणि देणगीची ओळ कां लिहावी? ज्यांच्या घरचीं माणसें सप्टेंबरनंतर परत आलींच नाहींत, त्यांनीं मुक्तीचा दिवस कसा साजरा करावा? अशा घरांना "दोन्ही बाजू पाहा" असें कोरडेपणानें सांगण्याचा अधिकार कोणालाच नाहीं. परंतु दोन गोष्टी एका पानावर लिहिणें म्हणजे त्या सारख्या वजनाच्या आहेत असें म्हणणें नव्हे. निकाल द्यावाच लागतो. माझा निकाल असा कीं, राजाच्या छत्राखालीं प्रजेवर जो जुलूम होतो व जो तो थांबवीत नाहीं, त्याची जबाबदारी त्या राजाची आहे; कितीहि तलाव बांधले तरी ती धुऊन निघत नाहीं. पण हा निकाल मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीवर आहे. पलीकडच्या गल्लींतील शेख किंवा पठाण यांच्या नातवावर तो नाहीं. हा भेद ज्या घरांत शिकविला जात नाहीं, तेथें इतिहास शिकवून झाला असें म्हणतां येणार नाहीं.

आपल्या गांवीं १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतें. त्या दिवशीं एखाद्या मुसलमान घरांतहि आई आपल्या मुलाला शिकवीत असते, आणि त्याच नांवाचा, त्याच सालाचा प्रश्न तिच्यापुढेंहि येतो. तिचें काम आपल्यापेक्षां अवघड आहे. तिला रझाकारांविषयीं खरें सांगावयाचें आहे आणि आपल्या मुलाची मानहि ताठ ठेवावयाची आहे. आपण आपल्या मुलाला काय शिकवितों, यावर तिचें काम सोपें होणार कीं अधिक अवघड, हें पुष्कळसें अवलंबून आहे.

म्हणून घरीं शिकविणाऱ्या आईबापांसाठीं मी एकच कसोटी सांगून थांबतों. आपल्या मुलानें जें शिकलें, तें त्याला त्या घरच्या मुलासमोर, आवाज खालीं न करतां, सांगतां येतें काय? आणि त्या मुलानें जें शिकलें, तें आपल्या ओसरीवर बसून आपणांस ऐकतां येतें काय? एखाद्या सुटीच्या दिवशीं दोघांना एकत्र बसवून ती चार रकान्यांची वही उघडावी. तेथें जीं पानें वाचतांना आवाज बसतो, तीं पुन्हां लिहावयास घ्यावींत.